पांढरी ब्रीचेस कोणती घ्यावी? (घोडेस्वारी स्पर्धा, पहिलीच वेळ)

सायली_कोथरूड
नमस्कार मंडळी,

लेक तेरा वर्षांची आहे. दोन वर्षं घोडेस्वारी शिकतेय आणि डिसेंबरात तिची पहिली खरी स्पर्धा आहे. ८० सेंटिमीटरच्या उड्या आणि एक सोपी ड्रेसाज टेस्ट (घोड्याकडून ठरलेल्या चाली सफाईने करून दाखवायच्या). सरांनी व्हॉट्सॲपवर यादी टाकली: काळा कोट, पांढरा शर्ट, हेल्मेट, काळे बूट, पांढरी ब्रीचेस (घोड्यावर घालायची घट्ट विजार). बाकीची खरेदी झाली, ब्रीचेसपाशी घोडं पेंड खातंय.

रोजच्या सरावाला ती नेव्ही ब्ल्यू घालते. त्यात घाम, माती, घोड्याचे केस सगळं खपून जातं. पांढऱ्याचा आमच्या घराला अनुभव शाळेच्या शर्टापुरता, आणि तो दिवाळीपर्यंत चहाच्या रंगाचा होतो. ऑनलाइन बघितलं तर नी पॅच, फुल सीट, सिलिकॉन, कॉटन, मायक्रोफायबर... दुकानदाराला विचारावं तर त्याचं सगळंच बेस्ट. उड्या आणि ड्रेसाज दोन्हींना एकच चालेल का? वाढत्या अंगाची मुलगी, तर एक माप मोठं घ्यावं का? क्रीम रंग चालतो का, तो जरा मळखाऊ वाटतो म्हणून विचारतेय.

आणि एक. लेक पांढऱ्याला तयारच नाही. कारण विचारलं की "नको म्हटलं ना" एवढंच उत्तर. त्यावर काही सुचलं तर तेही सांगा.

रिकामटेकडा
माथेरानला मी पांढरी पँट घालून घोड्यावर बसलो होतो. उतरलो तेव्हा ती तांबडी होती. माझा या विषयातला अभ्यास इथे संपतो.

अबलख
सायलीताई, धागा छान. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सला पंधरा-सोळा वर्षं बसतोय, उड्याच जास्त, त्यामुळे थोडं सांगू शकतो.

आधी रंग. आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या नियमांत ड्रेसाजला पांढरी किंवा ऑफ-व्हाइट, आणि जंपिंगला पांढरी किंवा फिकट फॉन (पिवळसर मातकट) चालते. म्हणजे पांढरी दोन्हीकडे चालते, क्रीम घेतली तर ड्रेसाजच्या रिंगणाबाहेर कुणीतरी भुवया उंचावणार. आपल्याकडच्या स्पर्धांचं प्रॉस्पेक्टस निघतं, त्यात पोशाखाचं कलम असतं. ते एकदा वाचाच, कारण लहान गटांना कधी कधी सवलत असते आणि ती कोणी आपणहून सांगत नाही.

आता पॅच. नी पॅच म्हणजे फक्त गुडघ्याच्या आतल्या बाजूला पकडीसाठी ठिगळ. फुल सीट म्हणजे ते ठिगळ गुडघ्यापासून थेट बैठकीपर्यंत. ड्रेसाजवाले खोगिरात खोल बसतात, त्यांना फुल सीट आवडते. उडी मारताना बूड खोगिरावरून उचलावं लागतं, पुढे-मागे सरकावं लागतं, तिथे बूड चिकटून राहिलं तर वैतागच. दोन्ही करायचं असेल आणि एकच घ्यायची असेल तर नी पॅच. सिलिकॉनचे ठिपके असलेली मिळाली तर उत्तम, कारण सुएडसारख्या कापडाची फुल सीट पुण्याच्या ऑक्टोबरात अंगावर गोधडी घेतल्यासारखी होते.

सगळ्यात महत्त्वाचं: ट्यूबलाइटखाली घेऊ नका. दुकानातून बाहेर उन्हात आणा, आत हात घाला आणि कापड ताणा. तळहाताच्या रेषा मोजता आल्या तर परत ठेवा. खिशाचं अस्तर आणि आतलं लेबलसुद्धा बाहेरून दिसतं, तेही बघा.

खोगीरभरती
माझ्या नावाला जागून अवांतर करतो. ब्रीचेसला मराठी शब्द काय? आजोबा "ब्रिजिस" म्हणायचे, पण ते इंग्रजीच, फक्त मावळात राहून आलेलं.

शब्दवेडी
सुरवार. तुमान. चोळणा. घ्या हवा तो.

खोगीरभरती
"व्हाइट तुमान, नी पॅच, सिलिकॉन ग्रिप." झकास. सरांच्या यादीत बदल करून घ्या.

चष्मेवाला
ब्रीचेस आणि जोधपुरी एकच ना? माझ्या लग्नात मी जोधपुरी घातली होती.

अबलख
तुमचा तो बंद गळ्याचा कोट, चष्मेवाले. घोड्यावरची जोधपुर म्हणजे घोट्यापर्यंत येणारी, तळपायाखाली इलॅस्टिकचा पट्टा असलेली विजार. ती आखूड बुटावर घालतात, आणि लहान मुलं बहुतेक तीच वापरतात. ब्रीचेस पोटरीखाली संपते कारण वर उंच बूट किंवा गेटर (पोटरीला गुंडाळायचं आवरण) येतो. नाव मात्र खरंच त्या गावाचं. जोधपुरचे सर प्रतापसिंह १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाला पोलोचा संघ घेऊन इंग्लंडला गेले, आणि त्यांच्या विजारी बघून तिकडचे शिंपी कामाला लागले.

सायलीताई, यावरून आठवलं. पोटरीशी वेलक्रो असलेली घेऊ नका. बुटाच्या आत ती गाठ तासाभरात टोचायला लागते. मोज्यासारखा ताणणारा शेवट असतो, तो बघा.

जुना_दफेदार
सर्व वाचले. आमच्या वेळी सिलिकॉन नव्हते, मांड होती. मांड पक्की तर कापड कुठलेही चालते आणि मांड कच्ची तर गोंद लावून बसवा, पडणारच.

आमच्या ब्रीचेस मांडीला फुग्यासारख्या असत. लोक हसतात त्या फोटोंना. पण त्याला कारण होते. कापड जाड ट्विल, तसूभर ताणत नसे. बसल्यावर मांडीला जागा हवी म्हणून वर घेर आणि गुडघ्याखाली बटणे लावून आवळलेली. लायक्रा निघाले १९५८ मध्ये, आणि मग सगळ्यांच्या मांड्या दिसू लागल्या. असो.

पांढऱ्याबद्दल एक गोष्ट. शिपाई लोक पूर्वी कातडी ब्रीचेस पांढऱ्या राखायला पाइपक्ले नावाची पांढरी माती फासत. म्हणजे डाग धुवायचा नाही, झाकायचा. तुमच्या मुलीसाठी रिंगणात जायच्या आधी खडूची पावडर खिशात ठेवा, ऐन वेळच्या डागावर चोपडा. जजला वीस मीटरवरून कळत नाही.

सडेतोड
खडू फासून डाग लपवायला शिकवताय मुलीला? छान संस्कार.

जुना_दफेदार
चाळीस वर्षे नोकरी केली. इन्स्पेक्शनला काय काय लपवले ते इथे लिहिले तर पेन्शन थांबेल.

बव्हेरियाकर
जर्मनीहून. आमची मुलगी इथल्या गावातल्या क्लबात बसते. मापाबद्दल लिहितो. युरोपियन कंपन्यांची मुलांची मापं उंचीवर असतात, १४०, १४६, १५२, १५८ अशी. तेरा वर्षं वगैरे वयावर जाऊ नका, भिंतीशी उभी करून उंची मोजा. आणि एक माप मोठं अजिबात घेऊ नका. सैल ब्रीचेसला गुडघ्याच्या आत चुणी पडते, ती चुणी खोगीर आणि कातडी यांच्यामध्ये दळली जाते आणि दुसऱ्या दिवशी मुलीला चालता येत नाही. आम्ही हे करून बसलोय. बायको अजून ऐकवते.

वाढत्या मुलीला इथे लोक जुनी घेतात. स्पर्धेची पांढरी वर्षातून चार-पाच वेळा वापरली जाते, मूल वाढतं, ब्रीचेस नवीच राहते.

पंचकल्याणी
सायलीताई, मी बावीस वर्षांची आहे, अकराव्या वर्षापासून बसते. (आयडी माझ्या लाडक्या घोड्यावरून. चारही पाय आणि कपाळ पांढरं. मला एक ब्रीचेस धुवायची असते तर त्याचे चार मोजे.)

अबलखदादांनी सगळं सांगितलं, पण एक गोष्ट दादालोक सांगत नाहीत. पांढऱ्याखाली पांढरं घालायचं नाही. पांढरी चड्डी पांढऱ्या ब्रीचेसमधून ठळक दिसते. त्वचेच्या रंगाची, शिवण नसलेली घ्या. दुकानात जाताना तीच घालून जा आणि उन्हात खाली वाकून बघा.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. चुकत असेन तर सोडून द्या. तेरा वर्षं, पांढरा रंग, पाय फाकून बसायचं, समोर शंभर माणसं, आणि कारण सांगत नाही. मला कारण माहीत आहे असं वाटतं. माझंही तेच होतं. मी तेव्हा पोट दुखतंय सांगून एक स्पर्धा बुडवली होती, आईला अजून माहीत नाही.

सायली_कोथरूड
काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि तिच्या खोलीत जाऊन बसले. तुम्ही म्हणता तेच. तारीख नेमकी त्या आठवड्यात येतेय. ती गेले पंधरा दिवस कॅलेंडर बघतेय आणि मी तिला दर्जा आणि किंमत यांचं गणित समजावतेय. एवढी कशी मी आंधळी.

थँक यू. काय करता येईल ते मोकळेपणाने सांगाल का? बाबालोकांनी वाचलं तरी हरकत नाही.

बव्हेरियाकर
बाबालोक वाचतायत आणि वहीत लिहून घेतायत. मुलगी बारा वर्षांची आहे.

पंचकल्याणी
सांगते. नुसतं पॅड घोड्यावर सरकतं, दुडकीत तर हमखास, आणि त्याच्या कडा घासतात. वर पीरियड पँटी घालायची, म्हणजे पॅड जागचं हलत नाही आणि गळलं तरी दुसरी भिंत असते. पीरियड पँट्या काळ्याच जास्त दिसतात दुकानात, पण काळी पांढऱ्यातून दिसते. बेज शोधा, मिळते. टॅम्पॉन किंवा कप तिला आत्ताच झेपेल असं नाही, जबरदस्ती नको. घरी जुन्या गडद ब्रीचेसमध्ये तासभर बसून बघू द्या, म्हणजे त्या दिवशी पहिला प्रयोग होणार नाही.

फुल सीट घ्या. हो अबलखदादा, मला माहीत आहे तुम्ही काय लिहिलंय! पण फुल सीटला बैठकीवर दुहेरी थर असतो. दिसत नाही, झिरपायला वेळ लागतो. सिलिकॉनची प्रिंट नाही, कापडाचा थर असलेली. उडीत थोडी चिकटेल, ८० सेंटिमीटरला काही बिघडत नाही. डोकं शांत असेल तर ती चांगली बसेल.

शिवाय दोन घ्या. एक साधी, स्वस्त, बॅगेत. आणि वॉर्मअपला वरून ट्रॅक पँट, बाजूला चेन असलेली, म्हणजे बूट न काढता उतरवता येते. रिंगणात जायच्या दोन मिनिटं आधी काढायची.

अबलख
माझा प्रतिसाद मागे घेतो. दुहेरी थराचा मुद्दा मला कधी सुचलाच नसता. फुल सीट घ्या.

सडेतोड
सगळं ठीक, पण मग प्रत्येक नियमाला अशीच पळवाट काढायची का? पांढरा ही परंपरा आहे. क्रिकेटच्या कसोटीत पांढरे कपडे असतातच की.

पंचकल्याणी
परंपरा कोणी घातली तेही बघू या. ऑलिम्पिकमध्ये १९४८ पर्यंत ड्रेसाजला फक्त पुरुष होते, आणि सैन्यातले असतील तर फक्त अधिकारी. बायकांना पहिल्यांदा घेतलं १९५२ मध्ये, हेलसिंकीला. आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्यपदक नेलं, पोलिओमुळे गुडघ्याखाली पायांत बळ नसताना. जंपिंगला बायका १९५६ पासून, इव्हेंटिंगला (ड्रेसाज, मोकळ्या रानातली क्रॉस-कंट्री आणि उड्या, तिन्ही एकाच स्पर्धेत) १९६४ पासून. म्हणजे पोशाख ठरला तेव्हा खोलीत एकही बाई नव्हती. विम्बल्डनने २०२३ पासून मुलींना आत गडद शॉर्ट घालायची परवानगी दिली, गवत काही काळं पडलं नाही.

इव्हेंटिंगच्या क्रॉस-कंट्रीला तर ब्रीचेस हव्या त्या रंगाची चालते. तोच घोडा, तीच बाई, दुसऱ्या दिवशी पांढरं.

जुना_दफेदार
बेटी बरोबर बोलते. अधिकाऱ्यांच्या त्या नियमाचा एक किस्सा. १९४८ च्या ऑलिम्पिकला ड्रेसाजचे सांघिक सुवर्ण स्वीडनने जिंकले. पुढच्या वर्षी ते काढून घेतले. का? तर त्यांच्यातला पेरसन नावाचा स्वार हुद्द्याने अधिकारी नव्हता, स्पर्धेपुरती बढती दिली होती. घोडा चांगला चालला, मांड उत्तम, पण खांद्यावरचा तारा खोटा. तेव्हा हा नियमच बदलला आणि १९५२ ला तोच पेरसन परत येऊन सुवर्ण घेऊन गेला. नियम बदलतात, सडेतोडसाहेब. तोवर बॅगेत दुसरी जोडी ठेवायची.

सडेतोड
बरं. हा किस्सा माहीत नव्हता. माझा मुद्दा एवढाच की प्रॉस्पेक्टसमध्ये आहे तोवर पाळावा लागतो. मुलीला शुभेच्छा.

रसायनकाकू
उशिरा आले, डागांवर कोणीच लिहिलेलं नाही म्हणून लिहिते. ३१ वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि तीन मुलांचे कपडे धुतले.

पांढरं म्हटलं की आपल्या हाताला सवयीने ब्लीचची बाटली लागते. या कापडात इलॅस्टेन, म्हणजे लायक्रा, असतं. क्लोरीनचं ब्लीच त्याला पिवळं करतं आणि त्याचा ताण घालवतं. दोन धुण्यांत ब्रीचेसचा लेंगा होतो. ऑक्सिजनवालं ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, चालतं, कोमट पाण्यात भिजवून. नीळही नको. ती सिंथेटिक कापडावर एकसारखी बसत नाही, ठिपके उरतात. कपडे मऊ करायचं ते सुगंधी द्रव तर नकोच, त्याचा थर बसून घाम शोषणं थांबतं. वाळत घालायची सावलीत.

रक्ताचा डाग थंड पाण्यात. गरम पाणी लागलं की तो जन्माचा सोबती. घोड्याच्या लाळेचा हिरवा डाग स्पिरिटने जातो, हँड सॅनिटायझरनेही, चोळू नका, टिपा. बुटाच्या पॉलिशचा काळा डाग म्हणजे मेण, त्याला आधी भांड्यांचा साबण.

अबलख
काकू, शेवटचं वाक्य फ्रेम करून तबेल्यात लावायला हवं. त्यावर माझी भर: स्पर्धेच्या आदल्या रात्री साईस (घोडा सांभाळणारा) प्रेमाने खोगिराला तेल देतो आणि बूट आतून-बाहेरून चकचकीत करतो. ते सगळं काळं मांडीच्या आतल्या बाजूला उतरतं. बूट बाहेरून पॉलिश करा, आतली बाजू कोरडी ठेवा. तेल आठवडाभर आधी.

आणि घोडा ही पांढऱ्याची मुख्य समस्या आहे. लसूणघास खाऊन तोंड पुसायला त्याला रुमाल म्हणजे तुमची मांडी. लगाम चढवायचं काम बाबांना द्या.

रिकामटेकडा
हे सगळं वाचून मी उंटावर बसायचं ठरवलंय.

चष्मेवाला
एक अडाणी प्रश्न. दोन ब्रीचेस, कोट, बूट, हेल्मेट. म्हणजे खर्च किती? की हे आपल्यासारख्यांचं कामच नाही?

जुना_दफेदार
मराठा फौजेत दोन प्रकार होते. शिलेदार, त्याचा घोडा स्वतःचा. बारगीर, त्याला घोडा सरकारी पागेतला. आपली बहुतेक मुले बारगीर. घोडा क्लबचा, खोगीर क्लबचे. स्वतःचे काय ते हेल्मेट आणि विजार. हेल्मेटवर पैसे वाचवू नका, विजारीवर वाचवा.

पंचकल्याणी
+१. माझी पहिली स्पर्धेची ब्रीचेस कॅम्पातल्या एका शिंपीकाकांनी शिवली होती. खडकवासल्याच्या एन.डी.ए.चं काम करायचे ते. सुंदर बसली, फक्त ताणत नव्हती. घोड्यावर चढताना टर्रकन आवाज आला. काळ्या कोटाच्या शेपटीने लाज राखली. म्हणून ताणणारं कापडच घ्या. डेकॅथलॉनची साधी चालते सुरुवातीला.

सायलीताई, लेकीला २०२३ ची हांगझोऊची ती दृश्यं दाखवा. आशियाई खेळांत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळालं, १९८२ च्या दिल्लीनंतर घोडेस्वारीतलं आपलं पहिलं सुवर्ण. चौघांत अनुष अगरवाला, आपल्या मुंबईचा हृदय छेडा आणि दोन मुली, सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह. चौघंही पांढऱ्यात.

खोगीरभरती
चौघंही पांढऱ्या तुमानीत.

शब्दवेडी
शेवटी वापरलात.

सायली_कोथरूड
धागा वर काढतेय. स्पर्धा झाली.

दोन घेतल्या. एक दुहेरी थराची फुल सीट, उंची १५८ आहे म्हणून १५८, मोठी नाही. दुसरी साधी, बॅगेत राहिली. उन्हात हात घालून बघायला दुकानाबाहेर आले तर दुकानदार मागे धावत आला, त्याला वाटलं पळवतेय. बेज पीरियड पँटी दुसऱ्या दुकानात मिळाली. घरी दोन संध्याकाळी ती सगळं घालून सोफ्याच्या हातावर बसून टीव्ही बघत होती.

तारीख दोन दिवस आधीच आली, त्यामुळे स्पर्धेच्या दिवशी तिसरा दिवस होता. ड्रेसाज बरं झालं. उड्यांत दोन दांडे पडले, आठ फॉल्ट. उतरल्यावर पहिलं वाक्य "आई, चौथ्या उडीला मी लगाम ओढला ना" हे होतं. ब्रीचेसचा विषयच नाही. घरी येताना गाडीत झोपून गेली, कोट अंगावर तसाच.

लगाम मीच चढवत होते. बाबा पार्किंग शोधत होते. त्यामुळे लसूणघास माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर पुसला गेला, आणि उरलेला तिच्या डाव्या गुडघ्यावर. काकू, सॅनिटायझरने कुर्त्याचा गेला. गुडघ्यावर थोडी हिरवी छटा आहे.

पंचकल्याणी, तिने तुमचे प्रतिसाद सगळे वाचले. ती बुडवलेली स्पर्धा आईला सांगा असं म्हणतेय.

पंचकल्याणी
आई हा धागा वाचते. काल रात्री फोन आला. :)

अबलख
पहिल्याच खेपेला आठ फॉल्ट? माझे वीस होते आणि मी त्यातला एक दांडा सोबत घेऊन पडलो होतो.

बव्हेरियाकर
सायलीताई, आम्ही जूनमध्ये पुण्याला परततोय. मुलगी तेव्हा साधारण १५५ होईल. तुमच्या लेकीला ती दुसरी ब्रीचेस लहान झाली की सांगाल का?

सायली_कोथरूड
सांगते. फुल सीटवालीच घ्या, तिला महिन्याभरात घोटे दिसायला लागलेत. डाव्या गुडघ्यावर हिरवं आहे, चालेल ना?